दिवा लागत नाही, म्हणजे गाडी बरी?

(नाव, गाव आणि गाड्यांची ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा सारांश देत आहोत.)

“वडील दीड वर्षापूर्वी गेले. त्यांचे चार ट्रक आणि ट्रकचे हप्ते आता मी सांभाळते. तीन गाड्या आम्ही नव्या घेतलेल्या, चौथी गेल्या वर्षी जुन्यात घेतली. जाताना साखर, येताना मिळेल ते भाडं, बहुतेक फेऱ्या न्हावाशेवा-कळंबोलीच्या. गेल्या महिन्यात तिन्ही नव्या गाड्यांसाठी कंपनीचा मेसेज आला, मागून पत्रही आलं. डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली आहे. ब्रेकच्या हवेचा दाब कमी झाल्याचा आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बिघडल्याचा दिवा काही वेळा लागत नाही. गाडी लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला आणा, अपडेट मोफत. सर्व्हिस सेंटर इथून ९० किलोमीटर, आणि सीझन ऐन भरात. आमचे अण्णा, वडिलांच्या वेळचे ड्रायव्हर, २८ वर्षं स्टिअरिंगवर आहेत. ते म्हणतात, ‘ब्रेक चांगला आहे ना? मग दिव्याचं काय घेऊन बसलीस? दिवा लागत नाही ती गाडी चांगली. ब्रेक पायाला कळतो.’ चुलतभाऊ म्हणतो, गाडी एकदा आत गेली की भलतीच बिलं निघतात. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट तर आत्ताच झालंय. सीझन संपल्यावर, अडीच महिन्यांनी नेल्या तर चालेल का? अण्णांचा शब्द मोडला आणि ते सोडून गेले, तर माझं सगळंच अडेल.”

ताई,

अण्णांचं एक वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. ‘दिवा लागत नाही ती गाडी चांगली.’ माझी २६ वर्षं वर्कशॉपमध्ये गेली. हे वाक्य मी रोज ऐकायचो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. तुमच्या तीन गाड्यांची अडचण एवढीच की कंपनीने नेमकं हेच वाक्य खोडून पत्र पाठवलंय. दिवा लागला नाही याचा अर्थ गाडीत काही बिघडलेलं नाही, असा असू शकतो. किंवा बिघडलंय आणि सांगणारा मुका झालाय, असाही असू शकतो. केबिनमध्ये बसून दोन्ही सारखंच दिसतं.

अण्णा असं का म्हणतात ते आधी समजून घ्या. जुन्या गाडीत टाकीवरच्या प्रेशर स्विचपासून एक वायर निघायची ती थेट डॅशबोर्डवरच्या बल्बला. बल्ब गेला की ड्रायव्हर स्वतः बदलायचा, दोन-चार बल्ब कायम कप्प्यात असायचे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि डॅशबोर्डवर दिव्यांची जत्रा भरली. धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी संपत आलं, लागला दिवा. सायलेन्सरमधला सेन्सर रुसला, लागला दिवा, आणि थोड्या वेळाने गाडीची ओढच कमी. इंजिन कानाला ठणठणीत वाटतंय आणि गाडी चढ चढत नाही, अशा रात्री अण्णांनीही काढल्या असतील. अशा माणसाला दिवा म्हणजे खर्च आणि खोळंबा वाटतो, त्यात त्याचा दोष नाही. एकदा एका गाडीच्या एबीएसच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली मला सापडली. नखाएवढी, कडा कात्रीने गोल करून इतकी नीट बसवलेली, की टॉर्च मारल्याशिवाय दिसली नसती. ड्रायव्हर म्हणाला, ‘रात्री डोळ्यावर येतो, साहेब.’ मागच्या चाकाचा सेन्सर चिखलाने भरला होता. साफ करायला पट्टी कापण्याइतकाच वेळ लागला.

तुमच्या गाड्यांमध्ये ती पट्टी सॉफ्टवेअरने लावली आहे, असं समजा. नव्या गाडीत सेन्सर आणि दिवा यांच्यामध्ये दोन-तीन कंट्रोलर बसलेले असतात. सेन्सर ब्रेकच्या कंट्रोलरला सांगतो, कंट्रोलर दोन वायरींच्या एकाच लाईनवरून निरोप पाठवतो. त्याच लाईनवर इंजिन, गिअरबॉक्स सगळ्यांचेच निरोप धावत असतात. त्यातला आपला निरोप उचलून दिवा लावायचा की नाही, हे डॅशबोर्डमधला प्रोग्राम ठरवतो. तिथे एक अट चुकीची लिहिली गेली तर सेन्सर चांगला, वायर चांगली, दिवाही चांगला, आणि तरी अंधार. म्हणून तुमचा नेहमीचा वायरमन हे शोधू शकणार नाही आणि दुरुस्तही करू शकणार नाही. हे काम कंपनीच्याच लॅपटॉपचं.

आता ‘ब्रेक पायाला कळतो’. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महाग पडतं. कारच्या ब्रेकमध्ये तेल असतं. तेल गेलं की पेडल खाली जातं, पायाला लगेच समजतं. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल हा नुसता व्हॉल्व्ह. पायाखाली जो जोर जाणवतो तो बहुतांशी त्या व्हॉल्व्हच्या आतल्या स्प्रिंगचा. टाकीत हवेचा दाब आठ बार असो की पाच, पायाला फार फरक कळत नाही. कळतो तो गाडी थांबायला हवी तिथे थांबली नाही की. हवा आणखी खाली गेली तर मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात. ही सोय जीव वाचवण्यासाठीच आहे, पण भरलेली गाडी घाटाच्या वळणावर असताना ते झालं तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. त्याआधी बाजूला घ्यायला अवधी मिळावा, एवढ्यासाठीच तो दिवा असतो.

एबीएसचं तर पायाला आधी काहीच कळत नाही. एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक लागतोच, म्हणून गाडी महिनोन्‌महिने ‘चांगली’ चालते. पाऊस पडलाय, गाडी रिकामी परत येतेय, पुढे अचानक कोणीतरी आडवं आलं, तेव्हा चाकं जाम होतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. २८ वर्षांचा अनुभव त्या एका सेकंदात उपयोगी पडतोच, पण एबीएस चालू नाही हे आधी माहीत असेल तर अण्णा गाडी मुळात तशी पळवणारच नाहीत. अनुभवी माणसाला माहिती जास्त उपयोगी पडते, म्हणून मला तर हा दिवा अण्णांसाठी जास्त गरजेचा वाटतो.

पुण्याचा नवले पूल तुमच्या गाड्यांच्या रस्त्यावरच असेल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालट्रकने किमान दोन डझन गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला सगळे ‘ब्रेक फेल’ म्हणाले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र ड्रायव्हरने डिझेल वाचवायला कात्रज बोगद्याच्या पुढच्या उतारावर इंजिनच बंद केल्याचं समोर आलं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. दर ब्रेकला हवा कमी होते, नवी भरत नाही. त्या गाडीच्या दिव्याचा तिथे काही संबंध नव्हता. सांगण्याचं कारण वेगळं. तुमचे चारही ड्रायव्हर उतारावर इंजिन बंद किंवा गाडी न्यूट्रल करतात का, हे तुम्हाला ठाऊक आहे? करत असतील, तर त्यांच्या गाडीला हवेच्या दिव्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. रागवण्यासाठी विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही.

फिटनेस झालंय ते बरंच आहे, पण त्याचा इथे आधार घेऊ नका. फिटनेस त्या दिवशी त्या तासाला गाडी कशी होती ते सांगतं. ‘काही वेळा’ न लागणारा दिवा त्या दिवशी लागलाही असेल.

दिव्यासाठी कोणी गाड्या परत बोलावतं का, असं चुलतभाऊ म्हणेल. त्याला सांगा, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या सुमारे २२ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला. दोष काय, तर पडद्यावर ब्रेक, पार्किंग ब्रेक आणि एबीएसच्या इशाऱ्याची अक्षरं तिथल्या नियमातल्या ३.२ मिलिमीटरपेक्षा लहान होती. दिवा लागत होता, फक्त बारीक दिसत होता. त्या कार होत्या, घरबसल्या अपडेट झाल्या. तुमच्या गाड्यांना रस्ता तुडवावा लागणार, एवढाच फरक.

बिलाची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. गाडी रॅम्पवर आली की ‘हे पण करून घ्या’ सुरू होतं, मी स्वतः त्या बाजूला उभा राहिलोय. पण रिकॉलचं काम आणि सर्व्हिसिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं, कंपनीला दोष स्वतः कळला तर तिने सरकारला कळवून रिकॉल काढायचा असतो, आणि दुरुस्तीचा भार कंपनीवर. तुमच्या पत्रात तर ‘मोफत’ लिहूनच दिलंय. ते पत्र झेरॉक्स काढून प्रत्येक ड्रायव्हरबरोबर द्या. जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) एकच ओळ असू द्या: रिकॉलचं काम, विनाशुल्क. दुसरं काही सुचवलं तर ‘कागदावर लिहून द्या, मालकीणबाई फोनवर सांगतील’, एवढंच ड्रायव्हरने म्हणायचं, सही करायची नाही. तरी पैसे मागितलेच तर कंपनीच्या टोल-फ्रीवर तक्रार करा, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि ज्यांच्या गाडीत असा दोष दिसतोय पण कंपनीकडून काहीच आलेलं नाही, त्यांच्यासाठी सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलची तक्रार नोंदवण्याची सोय आहे.

अडीच महिने थांबू का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण तिन्ही गाड्या उद्या उभ्या करा, असंही मी म्हणत नाही. पत्रात ‘चालवू नका’ लिहिलेलं असतं तर म्हटलं असतं. तुमच्या पत्रात ‘लवकरात लवकर’ आहे. पत्र हातात आल्यावर एक गोष्ट बदलली, ती लक्षात घ्या. काल तुम्हाला माहीत नव्हतं, आज लेखी माहीत आहे. विम्याच्या पॉलिसीत गाडी चांगल्या स्थितीत ठेवण्याची अट मालकावर असते. उद्या काही घडलं तर ते पत्र कोणीतरी टेबलावर ठेवून तारीख विचारेल.

९० किलोमीटरचा प्रश्न मला वाटतं तुम्ही उगाच अवघड केलाय. गाडी जिथून घेतली तिथेच रिकॉल करावा लागतो, असं तुम्ही धरून चालला आहात. सहसा त्या कंपनीचं कुठलंही अधिकृत सर्व्हिस सेंटर हे काम करतं. तुमच्या गाड्या कळंबोलीला माल उतरवायला, परतीचं भाडं मिळायला रात्र-रात्र उभ्या राहतात, आणि तो सगळा पट्टा वर्कशॉपनी भरलेला आहे. आदल्या दिवशी फोन करा, चासी नंबर द्या आणि तीन प्रश्न विचारा: या गाडीवर रिकॉल बाकी दिसतोय का, अपडेटची फाईल तुमच्याकडे आली आहे का, आणि उद्या किती वाजता घ्याल. फाईल आलेली नसताना गाडी पोचली तर दिवस वाया जातो, आणि मग अण्णा म्हणणार, ‘सांगितलं होतं की नाही?’ बॅटरी अशक्त असेल तर तेही आधी बघून घ्या. अपडेट चालू असताना व्होल्टेज पडलं तर कंट्रोलर अर्धवट राहतो आणि सोप्या कामाचं अवघड होतं.

पहिली गाडी कुठली न्यायची? जी घाट सगळ्यात जास्त करते ती. ट्रेलर असेल तर तो. बाकीच्या पाठोपाठच्या फेऱ्यांत. हिशोब केलात तर पंधरवड्यात तिन्ही उरकतात आणि एकही भाडं बुडत नाही.

तोवर रोज सकाळी एक तपासणी करायला लावा. सपाट जागा, चाकांना ठोकळे, हवा पूर्ण भरलेली. इंजिन बंद, चावी मात्र चालू. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून जातात, त्यात हवेचा आणि एबीएसचा लागतो का ते बघायचं. मग ब्रेक दाबत-सोडत हवा उतरवायची आणि काट्यावर डोळा ठेवायचा. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्याला, साधारण पाच बारच्या आसपास, दिवा लागला पाहिजे आणि बझर वाजला पाहिजे. अमेरिकेत हवेच्या ब्रेकची जड गाडी चालवण्याच्या परीक्षेत ही तपासणी करून दाखवावी लागते. आपल्याकडे बापाने मुलाला शिकवली तर शिकवली. यात दिवा लागला नाही तर ती गाडी त्या दिवशी भरायची नाही. लागला तर मात्र निर्धास्त होऊ नका, कारण दोष ‘काही वेळा’चा आहे. काट्यावर नजर राहू द्या, उतारावर गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) वापरा. आणि सर्व्हिस सेंटरला विचारा, बझर आणि काटासुद्धा त्याच डॅशबोर्डच्या प्रोग्रामवर चालतात का. चालत असतील तर त्यांचाही भरवसा अर्धाच धरा.

अपडेट झाल्यावर काय होऊ शकतं ते आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. गाडी वर्कशॉपमधून बाहेर पडेल आणि दुसऱ्याच दिवशी एबीएसचा दिवा लागेल. चुलतभाऊ म्हणेल, ‘बघ, चांगली गाडी बिघडवून दिली.’ कदाचित तो सेन्सर चार महिन्यांपूर्वीच गेला असेल आणि दिवा आत्ता बोलायला लागला असेल. म्हणून गाडी त्यांच्या आवारातून हलवण्याआधीच ही हवेची तपासणी मेकॅनिकसमोर करा, आणि लॅपटॉपमध्ये साठलेल्या जुन्या बिघाडांची यादी मागून घ्या. वॉरंटीत बसणारं काही असेल तर तिथेच सांगून टाका. जादा फॉगलाईट, हॉर्न, म्युझिक सिस्टिम यांसाठी कोणी मूळ वायरिंग कापून जोड दिला असेल तर तेही आधीच सांगितलेलं बरं.

आता अण्णा. तुम्ही लिहिलंय, ‘अण्णांचा शब्द मोडला तर’. मला एक विचारायचंय. गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते त्या दिवशी अण्णांना आणि बाकीच्या ड्रायव्हरांना भत्ता मिळतो का? पत्रात नाही म्हणून विचारतो. फेरीवर पैसे मिळत असतील तर तुमच्या डोक्यात मोफत असलेलं काम त्यांच्या खिशातून होतंय, आणि ऐन सीझनमध्ये. मग ‘दिव्याचं काय घेऊन बसलीस’ या वाक्यात ब्रेकचं ज्ञान किती आणि बुडणारा भत्ता किती, हे त्यांनाही वेगळं करून सांगता यायचं नाही. वर्कशॉपच्या दिवसाचा भत्ता पूर्ण देईन, हे आधी जाहीर करा. मग बघा दिव्याबद्दलचं मत किती बदलतं ते.

दुसरं, अण्णा आणि कंपनीचं पत्र यांची कुस्ती लावू नका. ‘कंपनी म्हणते म्हणून नेते’ असं म्हटलंत तर २८ वर्षांना तुम्ही एका कागदाने हरवलंत, असं होईल. त्याऐवजी सकाळची तपासणी त्यांच्याकडे सोपवा. ‘अण्णा, तिन्ही गाड्यांचा दिवा किती आकड्याला लागतो ते मला वहीत लिहून द्या, तिघा पोरांना कसं बघायचं ते दाखवा.’ वडिलांच्या वेळची एखादी वही असेलच घरात, तीच द्या. स्वतःच्या हाताने हवा उतरवताना एखाद्या दिवशी काटा चारवर आला आणि दिवा गप्प राहिला, तर पुढचं बोलायची वेळ तुमच्यावर येणार नाही. तसं झालं नाही तरी गाडी न्यायचीच आहे, पण मग ती त्यांनी तपासलेली गाडी असेल.

ते सोडून जातील का? ते मी कसं सांगणार. पण वडील गेल्यावर दीड वर्ष टिकलेला माणूस एका अपडेटसाठी जाईल, असं मला वाटत नाही. आणि समजा रुसलेच, तरी गाडीचा परवाना, विमा, कर्ज सगळं तुमच्या नावावर आहे. या एका बाबतीत शेवटचा शब्द तुमचाच असायला हवा, हे त्यांनाही मनातून ठाऊक असेल.

आणि ती चौथी गाडी! तिच्यासाठी मेसेज आला नाही म्हणून ती सुटली, असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतंय. जुन्यात घेतलेल्या गाडीचा मेसेज कंपनी कोणाला पाठवणार? तिच्या नोंदीत जो फोन नंबर आहे त्याला, म्हणजे बहुधा आधीच्या मालकाला. तो वाचून सोडून देईल. मॉडेल आणि साल या तिघींच्या आसपासचं असेल तर तिच्यावरही हाच रिकॉल बाकी असू शकतो. आज संध्याकाळीच आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर काढा, सर्व्हिस सेंटरला विचारा आणि त्याच फोनवर मालक म्हणून तुमचं नाव व मोबाईल नोंदवून घ्या. नंबर सांगताना एक लक्षात ठेवा, त्यात इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसेल ते शून्य, उभी रेघ दिसेल तो एक.